बाद केलेल्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. ती कधी रागावली नाही, कारण तिच्यासारखी मोजणी खरंच कुणाला जमत नव्हती. सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून पेशींतले लाल कण मोजायचे, हे काय खायचं काम आहे? मान गेली, चष्मा आला, आणि प्रबंध काही पुरा होईना.

काम सांगायला सोपं. जनुकाचा निरोप घेऊन आरएनए निघतो आणि त्या निरोपाबरहुकूम प्रथिन बनतं. वाटेत एखादा छोटा आरएनए येऊन निरोपाला धरतो, की झालं, जनुक गप्प. असे अडवलेले निरोप पेशीद्रवात गोळा होतात आणि त्यांचे बारीक कण दिसतात. तिच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, हे कणच जनुकाला गप्प करतात. कण नाहीत तर काही नाही. त्यावरचा सरांचा लेख एका संशोधनपत्रिकेनं छापायला घेतला होता. शेवटची तपासलेली प्रत आज चारपर्यंत पाठवायची होती, आणि तिचा प्रबंधही त्याच लेखाच्या जिवावर उभा होता.

काल तक्त्याखाली एक बारीकशी ओळ भरायची राहिली होती: किती पेशी बाद केल्या. तेवढ्यासाठी तिनं जुने फोटो उघडले. प्रयोगशाळेचा नियमच होता, कण नसलेली पेशी आजारी, ती मोजायची नाही. हा नियम पहिल्या वर्षी तिनंच काढला होता. सर 'बरोबर' म्हणाले आणि मग मागून येणारा प्रत्येकजण तोच शिकला.

बाद पेशी तिनं या वेळी पहिल्यांदाच नीट बघितल्या. ज्या जनुकाला गप्प करायचं होतं ते चालू असेल तर दिसणारा हिरवा प्रकाश या पेशींत विझलेला होता. पेशी धडधाकट आहे की नाही हे कळावं म्हणून घातलेला निळा प्रकाश मात्र लख्ख होता. म्हणजे आजारबिजार काही नाही. कणाचा पत्ता नाही आणि जनुक तरी गप्पच! कण हे गप्प होण्याचं कारण नव्हतं, ते नंतर साचत होते. आणि जी पेशी हे सांगू शकली असती तिला ही बाई सहा वर्षं उचलून बाहेर टाकत होती.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी चहा पिताना त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "तुला कुणी विचारलंय का?"

"लिफ्टचा दोर झिजलेला दिसला तर तू काय करतोस?"

"बंद करतो. पण तिच्यात माणसं चढतात."

"उद्या कुणी याच्यावर औषध बेतलं, की यातही चढतील."

त्या दिवशी तिचा डबा त्यानंच भरून दिला.

तीन वाजता ती सरांच्या खोलीत गेली. सर निवृत्तीला आलेले, तोंडानं फटकळ, पण तिची शिष्यवृत्ती बंद पडली तेव्हा चार दारं ठोठावून परत सुरू करून आणणारे. या माणसाला आज काय तोंडानं सांगायचं? बोलायला शब्द सुचेनात, म्हणून तिनं बाद पेशीचा फोटो लावून पडदा त्यांच्याकडे वळवला.

सर पुढे झुकले. "छान," ते म्हणाले. "कण कसे ठसठशीत आलेत."

फोटोत एकही कण नव्हता.

तिनं त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. नजर पडद्यावर नव्हतीच, थोडी बाजूला, खिडकीच्या कडेला लागलेली. आता तिनं पडदा परत फिरवला असता तर संपलंच होतं. लेख छापला असता, प्रबंध पुरा झाला असता आणि या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. चांगलाच झाला.

"सर, यात कण नाहीत," ती म्हणाली. मग एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

सर टेबलाची कड चाचपू लागले. "अशा किती?"

"एकशे बारा."

"आज काही पाठवायचं नाही. संपादकांना पत्र लिही, मी सांगतो." ते सांगू लागले, "लेख मागे घेत आहोत. पेशी बाद करण्याचा नियम चुकीचा होता. तो नियम माझा होता."

तिनं लिहिलं.

"वाच."

तिनं वाचलं: "तो नियम माझ्या विद्यार्थिनीनं ठरवला होता."

"मी असं सांगितलं नाही."

"पण खरं तेच आहे, सर."

"तुझी सहा वर्षं वाया जातील, मूर्ख मुली."

"ती गेलीच आहेत." बोलता बोलता तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

सरांनी चष्मा काढून ठेवला. तो असला काय नि नसला काय.

"मग त्याच्याखाली आणखी एक ओळ घाल," ते म्हणाले. "गेली दोन वर्षं मला या फोटोंतलं काहीही दिसलेलं नाही, आणि तरी प्रत्येकावर मी सही केली आहे."