पुतळाबाईंचा धवला

"जीब जड झाली हाय, मुकी नाय झाली," पुतळाबाईंनी मुलाला ऐकवलं. "माजे नातीचे, सुचिताचे हलदीला धवला मीच गानार."

कुंदन मोबाइल उलटासुलटा करत बसला होता. बेलापूरच्या डोंगराखालच्या या ज्येष्ठांच्या वसाहतीत आईला ठेवलं ते तिच्याच भल्यासाठी, असं तो कुणी न विचारताच सांगत असे.

"आये, टेन्शन कशाला घेतेस? भटजी हाय, डीजे हाय. तू फकस्त बसाचा. मधीच अडकलीस तर?"

भीती खोटी नव्हती. धवला हे आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं. गावदेवीपासून वारलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना मांडवात बोलावणारं. सुरू केलेला धवला मध्ये तुटू द्यायचा नाही, तुटला तर नवरीला अशुभ. उरणपासून पनवेलपर्यंत पुतळाबाईंच्या धवल्याशिवाय हळद लागत नसे. पण गेल्या वर्षी झटका आला, डावा हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली. ओळ उचलून धरणारी जोडीदारीण प्रेमलाबाई तर केव्हाच वारली होती.

कुंदन गेला तशा पुतळाबाई शेजारच्या खोलीत शिरल्या. तिथे साताऱ्याकडच्या राजाबाई राहत. वाशीच्या बाजारात गोणी वाहता वाहता त्यांच्या नवऱ्याची आधी पाठ गेली, मग नवरा गेला.

"तू माजे मागून गावाचा," पुतळाबाईंनी फर्मावलं.

"अवं, मला जात्यावरल्या ओव्या येत्यात. तुमचं आगरी गानं माज्या तोंडात कसं बसायचं?"

"बसवू."

त्या दिवसापासून सकाळच्या चहानंतर व्हरांड्यात दोघींची शाळा भरू लागली. राजाबाई प्रत्येक ओळ ओवीसारखी लांबवत आणि शिव्या खात. समोरच्या खोलीतले एक निवृत्त साहेब कानातलं यंत्र काढून ठेवू लागले. हळद लागण्याआधी नवरीचं नाव धवल्यात घ्यायचं नसतं, म्हणून सरावाला पुतळाबाईंनी स्वतःचंच नाव घातलं.

"तुमच्या लग्नात कुनी गायलं वो?" राजाबाईंनी एकदा विचारलं.

"कोनी नाय. बाप गेलेला. वरसाचे आत उरकाचा म्हनून पाच मानसांन हार घातले नि धाडली." एवढं बोलून पुतळाबाईंनी उजव्या हाताने मांडीवर ताल धरला. "चल, पुन्ना म्हन."

हळदीच्या दिवशी कुंदनच्या इमारतीसमोरचा मांडव डीजेने दणाणत होता. राजाबाईंना सोबत घेऊन पुतळाबाई काठी टेकत गेल्या आणि खुर्ची मागवून थेट स्पीकरसमोर बसल्या. नवरीच्या आजीला उचलून बाजूला ठेवायची हिंमत कुणाला होणार? गाणं बंद झालं.

त्यांनी सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण सूर जागेवर होता. मागून राजाबाई ओळ उचलत होत्या. गावदेवी आली, पूर्वज आले, आणि ऐन हळदीच्या ओळीला पुतळाबाईंची जीभ टाळूला चिकटली. ओठ हलले, शब्द येईना. कुंदन घाबरून उठला.

राजाबाईंना एवढंच ठाऊक होतं की तुटू द्यायचं नाही. डोळे मिटून, पाठ केलं होतं तसं, साताऱ्याच्या ठसक्यात त्यांनी ओळ उचलली, "हलद लागली गो पुतला नवरीला..."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी हसलं. राजाबाईंना चूक कळली, पण थांबता येईना.

"चूक झाली, बंद करा," कुंदन म्हणाला.

"पप्पा, खाली बसा. गाऊ दे त्यांना," सुचिता म्हणाली. ती पाटावरून उठली आणि हळदीची वाटी घेऊन आजीसमोर बसली. मागे एक काकू कुजबुजली, "विधवेला हलद?" सुचिताने मान वळवली नाही. तिने आजीचा लुळा हात मांडीवर घेतला आणि बोटांपासून कोपरापर्यंत हळद लावली. पुतळाबाई रडल्या. इतक्या नवरीमुलींना रडवलेली बाई, आज पहिल्यांदा स्वतः नवरीसारखी रडली. मग नाक पुसून त्यांनी दम घेतला आणि पुढची ओळ स्वतः उचलली. त्या ओळीत सुचिताचं नाव स्वच्छ होतं.

धवला पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतली नर्स गरम पाणी आणि साबण घेऊन आली. पुतळाबाईंनी उजवा हात पुढे केला. डावा पदराखाली घेतला.

"यो ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.