एक्केचाळीस खाचांचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. हसू नका, मित्रांनो! माझ्या पोटात एके काळी साबणाच्या वड्या होत्या हे खरं. पण माझ्या पाठीवर उभा राहून एक माणूस थेट विधिमंडळात पोहोचला.

त्याचं नाव एलायस थॉर्नबी. दीडशे वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतल्या नेब्रास्काचा शेतकरी. तेव्हा रेल्वेवाले चांगल्या चांगल्या जमिनी बळकावून बसले होते. एलायस बाजारात मला पालथा घालायचा, वर चढायचा आणि गरजायचा, "जो नांगर धरेल, जमीन त्याची!" लोकांच्या टोप्या हवेत उडायच्या. माझी छाती अभिमानाने फुगायची.

त्याची एक सवय होती. भाषणात वचन दिलं की खाली उतरून माझ्या कडेला चाकूने नखाएवढी खाच पाडायची. वचन पाळलं की त्या खाचेत मेण भरायचं. अशा एक्केचाळीस खाचा झाल्या. तो निवडून आला, कोटाला मखमली कॉलर आली, आणि एके दिवशी याच एलायसने रेल्वेला आणखी जमीन देण्याच्या बाजूने मत दिलं. मी हादरलोच. मरेपर्यंत त्याने मेण भरलं ते फक्त तीन खाचांत! तरी गावात त्याचा पुतळा उभा राहिला, आणि मी गेलो माळ्यावर.

पुढे त्याची पणती लग्न करून नेदरलँड्समध्ये लायडनला आली, सोबत मीही. म्हातारपणी तिने मला नीरजाच्या हवाली केलं. नीरजा पुण्याची. इथल्या विद्यापीठात चार वर्षं ती एलायसवर संशोधन करतेय. सगळी पुस्तकं त्याला देवमाणूस म्हणतात, हिला मात्र शंका होती. गेल्या महिन्यात एका जुन्या पत्रात तिला मेणाचा अर्थ सापडला. माझ्यापुढे मांडी घालून तिने खाचा मोजल्या आणि तोंडावर हातच ठेवला. "बाई गं! फक्त तीन?"

तिने मोबाइलवर फोटो काढले, पण ते अंधुक आले. सोमवारी म्युझियमचा माणूस येऊन नीट नोंद करणार होता. हे सगळं नवऱ्याला सांगायचं मात्र तिचं राहून गेलं. उलट शनिवारी ग्रंथालयात जाताना ती म्हणाली, "हरीश, गणपतीला चौरंग हवाय. काहीतरी बघ ना."

हरीशने बघितलं. शेजाऱ्याकडून घासायचं मशीन आणलं आणि माझ्यावर फिरवलं. अरे बाबा, थांब! मी आतल्या आत ओरडत होतो, पण खोक्याचं कोण ऐकतं?

नीरजा परतली आणि दारातच थिजली.

"हरीश! खाचा कुठे गेल्या?"

"कसल्या खाचा? अगं, उंदराने कुरतडलं होतं ते. मळही बसला होता. बघ ना, कसा गुळगुळीत केलाय!"

तिच्या हातातली सायकलची किल्ली खाली पडली. "तो मळ नव्हता रे. माझी चार वर्षं होती ती."

हरीशचा चेहरा पांढराफटक पडला. मग नीरजाच म्हणाली, "मीही सांगायला हवं होतं." प्रबंधात तिने सरळ लिहिलं की पुरावा होता आणि तो आमच्याच घरात नष्ट झाला.

गणपती माझ्यावरच बसले. आरती झाल्यावर हरीश हात जोडून म्हणाला, "नीरजा, शप्पथ! यापुढे तुला विचारल्याशिवाय एकाही जुन्या वस्तूला हात लावणार नाही."

नीरजा स्वयंपाकघरात गेली आणि चाकू घेऊन आली. तो तिने त्याच्या हातात दिला.

"मग पाड खाच."

त्याने माझ्या कडेला नखाएवढी खाच पाडली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरचे ओरखडे पुसण्याआधी ते कुणी आणि का काढले एवढं तरी विचारा. एकदा पुसले की आम्हाला त्यांची गोष्ट परत सांगता येत नाही. माझ्या कडेला आता एकच खाच आहे. मेणाची डबी नीरजाने कपाटात ठेवली आहे. ती अजून उघडलेली नाही.