रिंगवरचा केस

धाकटीने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. झाकणाखालच्या काळ्या रबरी रिंगवर एक पांढरा केस आडवा चिकटला होता. आतली तार बदलायची म्हणून तिने नळकांडं उघडलं होतं. रिंग तपासल्याची सही तिच्या थोरल्या जावेची होती.

ही नळकांडी समुद्रात दोन किलोमीटर खाली जाऊन पाण्याचं तापमान मोजतात आणि वर येऊन आकडे धाडतात. रिंगखाली केस अडकला, तर तिथल्या दाबाने पाणी आत घुसतं आणि सगळं यंत्र तळाला जातं. तीन वर्षांपूर्वी कारखान्यात महिन्याला चार नळकांडी व्हायची. आता हवामानवाल्यांना हवीत, विमा कंपन्यांना हवीत, समुद्रात पवनचक्क्या रोवणाऱ्यांना हवीत. आठवड्याला चाळीस! पूर्वी प्रत्येक नळकांडं तपासणीसाठी दाबाच्या टाकीत जायचं, आता दहातलं एक. बाकीच्यांची भिस्त थोरलीच्या नजरेवर.

बाहेर गाडीत नळकांड्यांची खोकी चढत होती.

धाकटी रिंग घेऊन थोरलीच्या टेबलाशी गेली. "ताई, हिच्यावर काय दिसतंय?"

थोरलीने रिंगवरून अंगठा फिरवला. "काही नाही. स्वच्छ आहे."

"अंगठ्याने नको. बघून सांगा."

थोरलीचा हात थांबला. चेहरा उतरला.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"हळू बोल. झाले सहा महिने. डोळ्यांपुढे नुसतं धुकं असतं. पण अंगठ्याला सगळं कळतं गं."

"केस नाही कळला."

"तुझ्या भाऊजींचा गुडघा गेल्यापासून घर कोण ओढतंय? तुला इथे चिकटवली कोणी?" थोरलीने तिचं मनगट धरलं. "आजचा दिवस गप्प बस. उद्या मीच मालकांना सांगते."

"उद्या माल बोटीवर चढलेला असेल, ताई."

बाहेर गाडीचं दार धाडकन लागलं. धाकटीने मनगट सोडवून घेतलं आणि धावत सुटली. इंजिन सुरू झालं होतं. ती गाडीच्या पुढ्यातच उभी राहिली. चालकाने करकचून ब्रेक दाबला.

मालक तणतणत बाहेर आले. "डोकं फिरलंय का तुझं?"

दारात थोरली उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. तिच्याकडे न बघता धाकटीने सगळं सांगून टाकलं.

चाळीसही नळकांडी टाकीत गेली. त्यातल्या तीन नळकांड्यांत पाणी शिरलं. मालकांनी आरडाओरडा केला, ग्राहकाची बोलणी खाल्ली, आणि त्या दिवसापासून एकही नळकांडं टाकीत गेल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही असं ठरवलं. थोरलीला त्यांनी काढलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत खोकी बांधायला बसवलं. घरात मात्र ती धाकटीशी चकार शब्द बोलेना. भाजीत मीठ कमी पडलं तरी मुलांकरवी निरोप यायचा.

ऑपरेशनच्या दिवशी धाकटी न विचारताच तिच्यासोबत दवाखान्यात गेली. दोघी बाकावर बसल्या. आत बोलावण्याआधी थोरली म्हणाली, "एक दिवस तरी द्यायचा होतास मला."

"गाडी निघाली होती, ताई."

"हो," थोरली म्हणाली, "तेवढं दिसत होतं मला."