मधुनाशिनीची दोन पानं

हणमंतरावांनी साखरेची चिमूट जिभेवर टाकली आणि डोळे मिटून वाट पाहिली. गोडाचा पत्ता नाही, नुसती वाळूसारखी कचकच. मग केळ्याचा तुकडा खाऊन पाहिला, तो उकडलेल्या बटाट्यासारखा लागला. लिंबाची फोड चाटली, तिनं मात्र नेहमीसारखे दात आंबवले. म्हणजे जीभ जागी होती, फक्त गोडापुरती झोपली होती. येलहंका जंक्शनवर गाड्यांचे सांधे बदलण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर असलं खेळणं मिळालं, तर तो दुसरं काय करणार?

हे खेळणं दिलं होतं शेजारच्या हयवदन मास्तरांनी. हणमंतरावांना साखर निघाली हे कळताच त्यांनी आपल्या कुंपणावरचा मधुनाशिनीचा वेल यांच्या मागच्या दारी लावून दिला. दोन पानं चावा, गोड खायची वासनाच मरते, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चुकवायच्या नाहीत अशी सक्त ताकीद दिली. पाल्यानं साखर उतरते की नाही ते रक्त तपासूनच बघू, म्हणाल्या. हणमंतरावांनी गोळ्याही चालू ठेवल्या आणि पालाही. रोज सकाळी हेमलताबाई दोन पानं खुडून पितळी वाटीत घालायच्या आणि खिडकीत ठेवायच्या.

अडचण एकच होती. ही जीभ कामावर होती. निपाणीहून लग्न होऊन आल्यापासून हेमलताबाई लोकांना फराळाचं करून देत आल्या होत्या आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नव्हत्या. त्यामुळे सारण चाखायचं काम नवऱ्याकडे. देवाच्या आधी नवरा चाखतो ते कसं चालतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तळहातावर सारण पडायचं, हणमंतराव जीभ लावायचे आणि इथल्या बोलीत म्हणायचे, "सरी." म्हणजे बरोबर जमलं, की लाटणं सुरू. आता पाला आल्यावर नवा नियम झाला होता, सारणाच्या दिवशी आधी चव, मग पानं.

एके दिवशी एचएसआर लेआउटमधल्या यशश्रीच्या डोहाळजेवणाच्या करंज्या होत्या. पोर पुण्याची. आई यायची होती, ती ऐन वेळी घसरून पडली आणि पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसली. करंज्या तरी आईच्या हातच्या वाटल्या पाहिजेत, असं यशश्री फोनवर म्हणाली. हेमलताबाईंनी मग पहाटेच खोबरं किसून भाजलं. खसखस, रवा, वेलदोडा, सगळं परातीत एकत्र केलं आणि सवयीनं हाक मारली.

हणमंतरावांनी जीभ लावली. खोबऱ्याचा खमंगपणा आला, वेलदोडा आला. गोड काही आलं नाही.

पाला खाल्ला की काय आपण? त्यांनी खिडकीत पाहिलं. वाटीत दोन्ही पानं तशीच होती. मग कालच्या पाल्याचा अंमल अजून उतरला नाही? इतका वेळ तर तो टिकत नाही. एवढ्या वेळा करून पाहिलेलं, पण काय सांगावं! ते फळीजवळ गेले, डब्यातली साखर जिभेवर टाकली. गोड. अगदी लख्ख गोड. आणि डब्याशेजारीच फडक्याखाली पिठीसाखरेचं पातेलं शिगोशीग भरलेलं होतं.

खोबरंही पांढरं, साखरही पांढरी. डोळ्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. पण हेमलता साखर विसरली? परवा आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, तेव्हा ते हसले होते. त्याआधी ती दारात उभी राहून म्हणाली होती, कुठं निघाले होते मी? तेव्हाही हसले होते. आता हसू येईना. सगळी गल्ली जिच्या हाताचं नाव घेते, तिला तिचाच हात चुकला म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

"सरी का?" हेमलताबाईंनी विचारलं.

"चुकून पाला खाल्ला गं मी," हणमंतराव म्हणाले. "काहीच कळेना. तू पूजा उरकून घे, तोवर जीभ ठिकाणावर येते."

मग काय, बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. ऑर्डर डोक्यावर आणि तुम्हाला पाल्याचे चाळे सुचतात, वय झालं तरी अक्कल नाही, हे सगळं ऐकवत त्या देवघरात गेल्या. घंटी वाजेपर्यंत हणमंतराव हलले नाहीत.

मग त्यांनी पातेलं खाली घेतलं आणि तिथंच अडले. किती घालायची? आयुष्यभर सरी म्हटलं, पण माप कधी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वल्प साखर घातली, कालवली, चाखली. कमी. आणखी घातली. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. डोळे मिटून ते जिभेला विचारत राहिले, हीच का ती? आतून आरती सुरू झाली तेव्हा एका चिमटीला जीभ हो म्हणाली. नेहमीची, ओळखीची, हेमलतेची चव. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मिशीला लागलेली साखर पुसली, पातेलं जागेवर ठेवलं आणि हाक दिली, "सरी!"

दुपारी यशश्रीचा नवरा करंज्या घेऊन गेला. संध्याकाळी तिचा फोन आला. पहिला घास घेतला आणि आईच आल्यासारखी वाटली, म्हणाली. हेमलताबाईंनी फोन ठेवला आणि चहा टाकला. कप खिडकीत ठेवायला गेल्या तर तिथं वाटी. सकाळची दोन्ही पानं तशीच, कडांना सुकून वळलेली. मग त्यांची नजर फळीवरच्या पातेल्याकडे गेली. ते अर्ध्यावर आलं होतं, आणि आपण त्यात हात घातल्याचं त्यांना आठवेना.

"पुढच्या वेळी साखर तुम्हीच घाला," त्या म्हणाल्या.

"मला कुठं माप ठाऊक?"

"आज होतं की."

हेमलताबाई दोन्ही कप आणि ती वाटी घेऊन त्यांच्या शेजारी टेकल्या. हणमंतरावांनी वाटीतली दोन्ही पानं उचलली, तोंडात घातली आणि सावकाश चावली. मग चहाचा घोट घेतला. त्यात तिनं साखर घातली होती की नव्हती, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी कप रिकामा केला आणि चहा चांगला झालाय म्हणाले.