तळपायाचा रोजचा फोटो

नशिराबादेत मी शहाणा माणूस म्हणून ओळखला जातो. निदान माझी तरी तशी समजूत आहे. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, लोकांना पुढे सरकायला सांगण्यात हयात गेली, त्यामुळे मला कुणी काही सांगितलेलं खपत नाही. शुगरला बारा वर्षं झाली, तिलाही मी कधी जुमानलं नाही.

जळगावच्या दवाखान्यात दिपमाला नावाची समुपदेशक आहे, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढी. ती फोनवर म्हणाली, "नाना, शुगरने पाय बधिर होतात, जखम झालेली कळत नाही. मग पाय कापायची पाळी येते. रोज सकाळी मोबाइलवर तळपायाचा फोटो पाठवा."

आता माझं पोट असं, की स्वतःचा तळपाय बघून मला दहा वर्षं झाली असतील. पहिला फोटो आमच्या मंडळींनी, वच्छलाने काढला. पण रोज बायकोपुढे पाय धरून बसायचं? हॅट! मी तोच फोटो रोज पाठवायला लागलो. मोबाइलवर दिपमालाचा शाबासकीचा अंगठा यायचा, आणि मी पारावर चारचौघांत सांगायचो, "डोकं चालवावं लागतं, बाबांनो."

एकविसाव्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"नाना, तुमच्या टाचेजवळची मुंगी तीन आठवडे जागची हलली नाही."

"मेली असेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार, कपाळ!

"फोन अक्कांकडे द्या. पाय आत्ता दाखवा."

वच्छला धुळ्याकडची, तापली की अहिराणीवर येते. "बठ्ठा गावले शहाणपण शिकाडतस, अन्..." म्हणत ती वाकली आणि मधेच थांबली. अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडून रुतला होता, भोवती काळंनिळं झालेलं. कधी घुसला, देव जाणे. त्याच पायाने मी सकाळी अख्खा बाजार फिरून आलो होतो.

तासाभरात आम्ही जळगावात. डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं.

"यास्ले दुखी का?" वच्छलाने विचारलं.

"दुखलं तर चांगलंच, अक्का," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पायात अजून जीव आहे."

ती माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली. मला तिचा चेहरा तेवढा दिसत होता. मी वाट बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, देवा, दुखू दे रे! तिने डोळे गच्च मिटले, तेव्हा मी ओळखलं, आता काटा ओढला. तिच्यासाठी जोरात ओरडलो, "आई वं! मेलो!"

"नाना," डॉक्टर हळूच म्हणाले, "काटा केव्हाच निघाला. पट्टी बांधतोय."

वच्छलाने डोळे उघडले नाहीत. चाचपडत माझा हात धरला, इतका घट्ट, की तिची बांगडी मनगटात रुतली. ती मात्र मला लागली.