आधी उपाशीपोटी या

सर्जेराव केदारखेड्याचे गवंडी. दिवाळीपासून त्यांच्या घशाखाली भाकर नीट उतरत नव्हती. जालन्याच्या दवाखान्यात दुर्बिणीनं तपासून घ्यायला गेले, पण नळी घशात जाताच त्यांनी ती ओढून काढली. मग शिरेतून झोपेचं औषध देऊन तपासायचं ठरलं.

त्याच दवाखान्यात त्यांची लेक सत्यशीला भूलतज्ज्ञ होती. घरच्या माणसाला शक्यतो दुसऱ्यानं भूल द्यावी, म्हणून तिनं सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. सर्जेराव अडून बसले.

"पोरीला डॉक्टर केलं अन् सुई परक्याची? बिलकुल न्हाई."

शेवटी ती तयार झाली. सकाळी त्यांना टेबलावर घेताना तिनं विचारलं, "आबा, काही खाल्लं-पिलं?"

"काहीच न्हाई."

दारात उभ्या असलेल्या मिथुननं, तिच्या भावानं, मान खाली घातली. "ताई, स्टँडवर चहा घेतला त्यांनी."

"दुधाचा?"

"मंग काय काळा?" सर्जेराव तडकले.

सत्यशीलानं हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. "आज होणार नाही. उद्या उपाशीपोटी या."

"छोटी तपासणी आहे, उरकून टाकू," दुर्बिणीचे डॉक्टर म्हणाले.

"झोपेत चहा उलटून फुफ्फुसात गेला तर? नको, सर."

"तू माझी पोरगी हायेस का डॉक्टर?" सर्जेरावांनी विचारलं.

"इथं डॉक्टर."

ते टेबलावरून उतरून निघून गेले. दुपारी सत्यशीलाला घरून रोजचा डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कोरड्या ओठांनी आले. सिरिंजमधलं पांढरं औषध पाहून म्हणाले, "काल चहातलं दूध चाललं न्हाई, अन् आज शिरंतच दूध घालून राह्य..." पुढचा शब्द झोपेत गेला.

तपासणी चालू असताना मधेच त्यांची जीभ मागं पडली, श्वास अडला. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. सत्यशीलानं दोन्ही हातांनी बापाचा जबडा वर उचलून धरला आणि आकडा हळूहळू वर येईपर्यंत सोडला नाही. गाठ वगैरे काही निघाली नाही. आकसलेली अन्ननलिका डॉक्टरांनी फुग्यानं रुंद केली.

संध्याकाळी ती वॉर्डाजवळ आली, तेव्हा सर्जेराव शेजारच्या खाटेवरच्या राजूरच्या कचरूला बसक्या आवाजात सांगत होते, "सख्ख्या बापाला परत लावून दिलं तिनं! मोठ्या डॉक्टरचंबी ऐकलं न्हाई. कोणाला भ्यायची न्हाई माझी पोरगी."

सत्यशीला दाराबाहेर जरा थांबली. डोळे पुसून आत गेली, तसे ते गप्प झाले. तिनं नाडी धरली.

"कसं वाटतंय, आबा?"

"बराबर हाये," भिंतीकडं पाहत ते म्हणाले. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.