इंजिन बंद होतं

शेडच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. वंगणाच्या डागांनी निम्मा गिळलाय. उरला आहे तो असा :

१. जोडण्याआधी जमीन बघा. दगड, काटक्या, तारा, बाटल्या उचला.

हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं ती नवऱ्याच्या मागून उचलतच आली होती. ग्लास, मोजे, चारचौघांत सांडलेले शब्द. नवरा या मोठ्या मैदानावर छोटा ट्रॅक्टर चालवायचा, आणि ट्रॅक्टरच्या मागे स्वीपर. म्हणजे एक दांडा, दोन चाकं, चाकांच्या मधे आडवा लांब ब्रश आणि त्याच्या मागे पत्र्याची पेटी. ट्रॅक्टरनं ओढत न्यायचं, की ब्रश कापलेलं गवत, पानं, कागद उचलून पेटीत फेकतो.

मैदानावर त्याला थापाड्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. ट्रॅक्टरनं त्यानं एकदा विमान ओढलं होतं. रेडिओवर त्याचा आवाज लागणार होता, पण ऐन वेळी माइकच घाबरला. असा माणूस.

आठ महिन्यांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून आणि तिसरं अर्धं त्या ब्रशच्या कडेला राहिलं. दवाखान्यात शुद्धीवर येताच तो म्हणाला, “इंजिन बंद होतं.”

बिचाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच एक वाक्य असं उच्चारलं, ज्याला मीठ-मसाला नव्हता. आणि तेच कुणी गिळेना.

तीही नाही. ती शेजारच्या बाकावर बसून चहा पीत होती आणि मनात म्हणाली, चला, हे विमानाच्या शेजारी ठेवू.

२. सपाट जागेवर जोडा. पिन घाला. पिनेला क्लिप लावा. दांडा हलवून बघा.

चौकशी एका दुपारी उरकली. जुन्या साहेबांनी विचारलं, “इंजिन बंद होतं, मग ब्रश फिरला कसा?” नवरा समजावायला गेला. एरवी पोपटासारखा बोलणारा माणूस, पण हाताला बँडेज, अंगात ताप, वाक्य काही जुळेना. चाक... उतार... खाली... असं काहीतरी. साहेबांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादम म्हणजे सगळ्या माळ्यांचा वरचा. तो हात बांधून म्हणाला, “साहेब, इंजिनाशिवाय काय फिरतं का हो कुठं? याची जीभ सोडून?”

खोली हसली. दाराबाहेर बाकावर ती बसली होती, तिला ऐकू आलं. तीही हसली. हसायला आलंच.

कागदावर लिहिलं गेलं : इंजिन चालू ठेवून हात घातला. स्वतःचा निष्काळजीपणा. नोकरी गेली. मैदानाच्या मागच्या अंगाची दोन खोल्यांची जागा मात्र नोकरीसोबत होती, म्हणून साहेबांनी उपकार केल्यासारखं करून तिलाच घेतलं. ती आधी फुलांच्या वाफ्यांवर रोजानं गुडघ्यांवर रांगायची. आता तिला ट्रॅक्टरवर बसवलं. स्वीपर चालवायला दुसरं कुणी तयारच नव्हतं, अपशकुनी म्हणायचे त्याला.

मग नवऱ्यानं तिला घरात शिकवायला सुरुवात केली. जेवायच्या टेबलाला खुर्ची सुतळीनं बांधली. टेबल म्हणजे ट्रॅक्टर, खुर्ची म्हणजे स्वीपर.

“पिन घातली?”

“घातली.”

“क्लिप?”

“अहो, चमचा आहे तो. त्याला क्लिप कुठून लावू?”

“क्लिप नाही लावली तर पिन उडते. पिन उडाली तर पेटी मागे बसते आणि दांडा वर येतो, तुझ्या या भल्यामोठ्या रिकाम्या डोक्यात. आवाज येईल नुसता. घुमेल.”

“बरं.”

“बरं काय? दांडा हलवून बघ! ठोंब कुठली. तुला शिकवण्यापेक्षा खुर्चीला शिकवलं असतं तर एव्हाना ती मैदानावर असती.”

पण शिकवलं त्यानं. सगळं शिकवलं. एक गोष्ट लपवून ठेवली नाही. हे इथे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे कुणी बोलणार नाही.

३. ब्रशची उंची : गवताच्या टोकांत जेमतेम बुडेल इतकी. जास्त खाली घेतल्यास हिरवळ उपटते.

“जेमतेम म्हणजे किती?” तिनं विचारलं.

त्यानं उजवा हात वर धरला. अंगठा, करंगळी आणि मधे ते अर्धं बोट. “एवढं. हे घे माप. कायमचं करून घेतलंय, हरवायची भीती नाही.”

दोघंही हसले. त्या आठ महिन्यांत एकत्र हसले ते तेवढंच.

“आणि ऐक. ब्रश इंजिनावर चालतच नाही. चाकावर चालतो. चाक पुढे गेलं की दाते अडकतात आणि ब्रश फिरतो. मागे घेतलं की दाते सुटतात, चाक नुसतं फिरतं, ब्रश गप्प. म्हणून मागे घेत झाडता येत नाही. कळलं?”

“कळलं.” तिला वाटलं, ही पण थापच.

“शिकून घे आणि सीट गरम ठेव. नवीन साहेब येतायत. मी अर्ज केलाय. परत सुनावणी लावणार. मी आलो की उठायचं.”

“आणि मी?”

“तू काय? वाफे आहेत की तुझे. गुडघे कुठं गेलेत?”

५. चाकांखाली

(पुढचं डागाखाली आहे. खाली काय असणार ते मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे : विटा लावा.)

त्या दिवशी काय झालं ते असं. मैदानाच्या कडेला जिथं हिरवळ नाल्याकडे उतरते, तिथं त्यानं स्वीपर सोडला. पिन काढली, ट्रॅक्टर बाजूला घेतला, इंजिन बंद केलं. किल्लीसुद्धा खिशात टाकली. स्वीपरच्या विटा शोधल्या तर विटा नाहीत. त्या मुकादमानं सकाळीच उचलून ऑफिससमोरच्या कुंड्यांखाली लावल्या होत्या, कुंड्या एका रांगेत दिसाव्यात म्हणून. नवरा म्हणाला, दोन मिनिटांचं तर काम. ब्रशच्या कडेला सुतळी गुंडाळली गेली होती, ती सोडवायला त्यानं हात घातला. दोन मिनिटं फार झाली. स्वीपर एक वीत पुढे घरंगळला. एकच वीत.

हे तिला कसं कळलं?

(कागदावर नाही ते)

कामाच्या पहिल्याच सकाळी. नवऱ्यानं सांगितलेलं तिनं थाप म्हणून सोडून दिलं होतं, पण येताना कुंड्यांखाली विटा दिसल्या. शेडमधे ट्रॅक्टर गार पडलेला, किल्ली अजून मुकादमाच्या खिशात. स्वीपर भिंतीला टेकला होता, म्हणून तिनं दांडा धरून दोन पावलं ओढला.

ब्रश फिरला.

नाजूक आवाज करत, केस विंचरल्यासारखा. ती थांबली, ब्रश थांबला. तिनं आणखी एक पाऊल ओढला. फिरला. मागे ढकलला. गप्प.

म्हणजे नवरा खरं बोलला होता. बावीस वर्षं दम धरून एकदाच खरं बोलला, आणि मुहूर्त असा काढला.

तिनं वर पाहिलं. दारात मुकादम उभा होता. किल्ली बोटावर गरगर फिरवत होता, ती फिरायची थांबली.

“काय वहिनी, जमतंय का?”

“जमतंय.”

“काही शंका?”

“ब्रश फिरतो हो हा.”

“फिरणारच. ब्रश आहे.” मुकादम आत आला, किल्ली तिच्या हातावर ठेवली, पण बोटं लगेच काढली नाहीत. “तुमचा हात बसेल छान. थापाड्या परत आला तर मला त्यालाच बसवावं लागेल या सीटवर. तुम्हाला परत त्या मातीत... मला बघवायचं नाही बघा.”

“विटा तुम्ही नेल्या होत्या ना?”

मुकादमानं बोटं काढून घेतली. मग म्हणाला, “कुंड्या छान दिसतात पण. नाही?”

ती म्हणाली, “हो. सरळ दिसतात.”

७. हळू चालवा. वळणं मोठी घ्या. पेटी काठोकाठ भरू देऊ नका. दोरी सीटवरूनच ओढा.

आता यातली गंमत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं उगाच राक्षसी वाटेल.

सीट. लोखंडी, फाटक्या रेक्झिनची, एका बाजूनं दबलेली. नवऱ्याच्या बुडाचा साचा अजून तिच्यात होता. पहिल्या आठवड्यात ती त्या साच्यात बसायची. मग तिनं खाली एक दुमडलेलं पोतं घातलं आणि साचा भरून काढला. सकाळी दव सुकलं की ती निघायची, कारण ओलं गवत ब्रशला चिकटून त्याचा लगदा होतो. समोर एवढं मोठं हिरवं, मागे ब्रशची कुजबुज, आणि जिथून ती जाईल तिथं स्वच्छ पट्टा. खेळाडू बाजूला सरकायचे. कुणीतरी हात करायचं. पेटी जड झाली की सीटवरूनच दोरी ओढायची, ढीग पडायचा, आणि तो ढीग उचलायला दुसरं माणूस यायचं. दुसरं! आयुष्यात पहिल्यांदा तिनं काहीतरी टाकलं आणि दुसऱ्यानं उचललं.

घरी नवरा रोज विचारायचा. “बघितलंस? फिरतो ना चाकावर?”

“कामाच्या गडबडीत कुठं बघत बसू?”

“उद्या बघ.”

“बघीन.”

“अगं, तुझ्या एका वाक्याचा प्रश्न आहे. मशीन आता तूच चालवतेस, तुझंच ऐकतील. एवढं वाक्य पाठ कर. माझं एवढं तरी...” असं म्हणून तो थांबला. ‘एवढं तरी’च्या पुढे त्याला कधी जायची वेळच आली नव्हती. डाव्या हातानं शर्टाचं बटण लावायला बघत होता, ते लागेना. तिनं लावून दिलं. अगदी वरचंसुद्धा, गळ्याशी, घट्ट.

सुनावणी

नवीन साहेब वयानं लहान आणि मनानं बरे होते. खुर्चीत बसून निकाल द्यायला त्यांना लाज वाटायची. “चला, मैदानावरच बघू,” म्हणाले. सगळे निघाले : साहेब, मुकादम, दाराचा रखवालदार, ती आणि नवरा. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्याशी बटण तिनंच लावलेलं. उजवा हात आज पहिल्यांदाच खिशाबाहेर होता.

स्वीपर हिरवळीवर सुटा उभा. ट्रॅक्टर दहा पावलं पुढे, बंद.

“तर यांचं म्हणणं, इंजिन बंद असताना ब्रश फिरतो,” साहेब म्हणाले. “साधी गोष्ट आहे. फिरवून दाखवा.”

नवरा पुढे सरसावला. रखवालदारानं त्याच्या छातीवर आडवा हात धरला. मुकादम म्हणाला, “साहेब, याला मशीनला हात लावायची मनाई आहे. आपल्याच ऑफिसची चिठ्ठी आहे. परत काही झालं तर?”

“बरोबर,” साहेब म्हणाले. “तुम्ही राहू द्या. एकदा लावलात हात, तेवढा पुरे.” ते हे चेष्टेनं म्हणाले नाहीत, तरी रखवालदार फिस्सकन हसला. “बाई, तुम्ही दाखवा. रोज तुम्हीच चालवता ना?”

“हो.”

“तुम्ही सांगाल ते मी लिहीन.”

ती दांड्यापाशी गेली. दांडा उचलला. नवरा तिच्याकडे असा बघत होता, की लग्नातसुद्धा त्यानं असं बघितलं नव्हतं.

तिनं दोन्ही हातांनी जोर लावला आणि स्वीपर मागे ढकलला.

चाकं फिरली. दोन फेरे, तीन फेरे. ब्रश जागचा हलला नाही.

“पुढे!” नवरा ओरडला. “अगं पुढे ओढ! मागे काय नेतेस? साहेब, मागे दाते सुटतात, तिला माहितीये! मीच शिकवलंय तिला! पुढे!”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. “पुढे-मागे फरक पडतो का काही?”

तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. “चाक ते चाक, साहेब. फिरलेलं तुम्ही बघितलंतच.”

“साहेब, खोटं बोलतेय ती!”

मुकादम हळूच म्हणाला, “थापाड्या, बायकोला तरी सोड.”

आणि मग नवरा गप्प झाला. एकदम. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती दांड्याकडे बघत होती. विमानं ओढणारा, माइकला घाबरवणारा तो माणूस खाली बघून, अगदी व्यवस्थित, स्वच्छ म्हणाला, “मग मीच ठेवलं असेल चालू.”

“असं म्हणता?” साहेबांनी विचारलं.

“असेल. आठवत नाही मला.”

साहेबांनी लिहिलं. त्यांना वाईट वाटत होतं, म्हणून ते हळूहळू आणि सुवाच्य लिहीत होते.

आता गंमत अशी, की तिला तिथून हलता येईना. साहेब म्हणाले, “घ्या बाई, जोडून टाका, लागा कामाला.” दांडा हातात, ट्रॅक्टर पुढे दहा पावलांवर. एक पाऊल जरी तिनं स्वीपर पुढे ओढला असता तरी सगळ्यांदेखत ब्रश फिरला असता. तिनं दांडा जमिनीवर ठेवला. शांतपणे ट्रॅक्टरवर चढली, इंजिन सुरू केलं, मान वळवून ट्रॅक्टरच मागे मागे आणला. खाली उतरली. पिन घातली, क्लिप लावली, दांडा हलवून बघितला. एकेक गोष्ट नवऱ्यानं शिकवली तशी, त्याच क्रमानं.

ट्रॅक्टर पुढे निघाला. ब्रश फिरला.

“बघा,” साहेब नवऱ्याला समजुतीनं म्हणाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. “इंजिन चालू झालं, आणि लगेच फिरला.”

नवऱ्यानं मान डोलावली.

स्वीपर चालवणाऱ्याला सारखं मागे बघावं लागतं, पेटी किती भरली, काही अडकलं का. ते टाळता येत नाही. तिनं पहिल्या पट्ट्यात तीनदा मागे बघितलं. पहिल्यांदा तिथं पाच जण उभे होते... नाही, चार; पाचवी ती स्वतः होती. दुसऱ्यांदा दोघं. तिसऱ्यांदा नवरा एकटाच, गळ्याशी लावलेलं बटण एका हातानं सोडवायचा प्रयत्न करत होता, आणि ते सुटत नव्हतं.

वळण आलं. तिनं मोठं घेतलं.